एक म्हणजे काय? : ख्रिस्ती त्रैक्य आणि एकेश्वरवाद



ज्या सद्गृहस्थांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दरसाल भरते, त्यांच्याविषयी त्यांच्या एका स्नेह्याने मला काल रात्री जेवताना एक गोष्ट सांगितली. वाद ऐकण्याचा त्यांना विलक्षण शौक होता. जिंकण्याचा नव्हे, ऐकण्याचा. दोन्ही बाजूंची माणसे दमून उठू लागली म्हणजे ते शांतपणे विचारीत, “आता एवढेच सांगा, तुम्ही दोघे एक शब्द एकाच अर्थाने वापरीत होता ना?” माझ्या आजच्या व्याख्यानाचा सारांश खरे म्हणजे या प्रश्नात आलेला आहे, आणि अध्यक्षांची परवानगी असती तर एवढे बोलून मी खाली बसलो असतो, परंतु चालकांनी मला तासाभराची मुदत दिली आहे, आणि मुदत भरल्याशिवाय सुटका नाही हा कायदा व्याख्यात्यालाही लागू आहे.

विषय तुम्हांला ठाऊक आहे. ख्रिस्ती धर्म आपण एकेश्वरवादी असल्याचे ठासून सांगतो, आणि त्याच श्वासात पिता हा ईश्वर, पुत्र हा ईश्वर व पवित्र आत्मा हा ईश्वर असेही सांगतो. शिवाय पिता म्हणजे पुत्र नव्हे आणि पुत्र म्हणजे आत्मा नव्हे, हेही बजावतो. बिगारीतले पोरही यावर विचारील, की गुरुजी, मग देव किती झाले? १८५७ साली, म्हणजे बंडाच्याच सालात, मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी मंडळी यांचे जाहीर वाद रंगत असत. त्या काळापासून आजतागायत, आपल्या तेहतीस कोटींवर बोट ठेवणाऱ्या पाद्र्याला ‘आणि तुमचे ते तीन?’ असा उलट सवाल टाकण्याचा मोह आपल्यापैकी पुष्कळांना झालेला आहे. मलाही झाला होता. मी ख्रिस्ती नाही. तर्कशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, आणि हा सवाल म्हणजे बिनतोड हत्यार आहे असे मी कित्येक वर्षे मानीत होतो. ते हत्यार बिनतोड नाही, आणि निकामीही नाही, हे मला पुढे कसे उमगले, ते आज सांगावयाचे आहे. आपल्या शास्त्रकारांची जुनी पायवाट मी धरतो : आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष, आणि शेवटी सिद्धांत.

पूर्वपक्ष मांडावा तो प्रतिपक्ष्याची भीड न धरता, जितका बळकट करता येईल तितका करून मांडावा. तर ऐका. येशू जन्माने यहुदी, त्याचे पहिले शिष्य यहुदी. आणि परमेश्वर एक आहे, ही जी घोषणा बायबलातील ‘अनुवाद’ नामक ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात आहे, ती धार्मिक यहुदी मनुष्य आजही सकाळ-संध्याकाळ उच्चारतो आणि मरतेसमयी ती ओठांवर असावी अशी इच्छा धरतो. सर्व आज्ञांत पहिली आज्ञा कोणती, असे विचारल्यावर खुद्द येशूने हीच घोषणा पुढे केली, असे मार्काच्या शुभवर्तमानात आहे. ‘त्रैक्य’ हा शब्द बायबलात कोठेही नाही. लॅटिनमध्ये तो प्रचारात आणला कार्थेज शहराच्या तर्तुल्यनाने, इसवी सनाच्या २०० च्या सुमारास. योहानाच्या पहिल्या पत्रात स्वर्गातील तीन साक्षीदारांचे जे एक वचन दाखल्यासाठी काढले जात असे, ते जुन्या ग्रीक हस्तलिखितांत सापडत नाही. इरॅस्मसने १५१६ आणि १५१९ च्या आपल्या ग्रीक आवृत्त्यांतून ते गाळले, ओरड झाली, तेव्हा १५२२ च्या आवृत्तीत घातले. दस्तऐवजात मागाहून ओळ घुसडलेली आढळली म्हणजे मुनसफ काय म्हणतो, हे येथे बसलेल्या वकील मंडळींना मी सांगायला नको.

इस्लामचा आक्षेप तर प्रसिद्धच आहे. कुराणाच्या एकशेबाराव्या सूऱ्यात ईश्वराचे एकत्व सांगून लगेच त्याने कोणाला जन्म दिला नाही व त्यालाही कोणी जन्म दिला नाही, असे म्हटले आहे. म्हणजे पिता आणि पुत्र या दोन्ही शब्दांवरच तेथे काट मारलेली आहे. आपल्या देशात राममोहन रॉय यांनी १८२० साली येशूच्या नीतिवचनांचा संग्रह प्रसिद्ध केला आणि त्यात सिद्धांतांचा भाग बाजूला ठेवला. त्यावरून श्रीरामपूरच्या मिशनरी मार्शमन यांच्याशी त्यांचा जो वाद जुंपला, त्याच सुमारास विल्यम अ‍ॅडम नावाचा बॅप्टिस्ट मिशनरीच राममोहनांच्या संगतीत त्रैक्य सोडून युनिटेरियन, म्हणजे निव्वळ एकत्व मानणारा ख्रिस्ती, झाला! बाटवायला आलेला स्वतःच बाटला, म्हणून कलकत्त्यात त्या वेळी मोठी थट्टा झाली. महाराष्ट्रात १८६७ साली प्रार्थनासमाज स्थापन झाला, तोही निर्भेळ एकेश्वराच्या उपासनेसाठी. आणि त्या समाजाचे प्रचारक विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली धर्मशास्त्र शिकण्यास ऑक्सफर्डला गेले, ते युनिटेरियन मंडळींच्याच मँचेस्टर कॉलेजात.

आणि सर्वांत हृद्य साक्ष पंडिता रमाबाईंची. १८८३ साली विलायतेत वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु बाप्तिस्मा घेतला म्हणजे बुद्धी गहाण टाकली, असे मानणारी ही बाई नव्हती. ज्या नीळकंठशास्त्री गोऱ्ह्यांच्या लेखनाचा त्यांच्यावर परिणाम झाला, ते काशीत शास्त्राध्ययन केलेले, १८४८ साली ख्रिस्ती झालेले आणि त्रैक्याचे कट्टर समर्थक. तरीही रमाबाईंनी या सिद्धांताविषयी आणि तो ज्यात खडसावून सांगितला आहे त्या अथनासियसच्या नावावर चालणाऱ्या मतपत्राविषयी आपल्या शंका पत्रांतून स्पष्टपणे लिहिल्या, आणि त्यापायी आपल्या धर्ममातेचा रोषही पत्करला. वेदान्त ऐकत वाढलेली, संस्कृतात वाद करणारी ही विदुषी. तिला हा सिद्धांत सहजासहजी पटेना, याची नोंद पूर्वपक्षाच्या बाजूला ठळक अक्षरांनी केली पाहिजे.

आता या सर्व आक्षेपांचे तर्करूप सांगतो आणि पूर्वपक्ष आटोपता घेतो. ‘पिता ईश्वर आहे’ यातील ‘आहे’ या क्रियापदाचा अर्थ काय? ‘शिवाजी म्हणजे जिजाबाईचा धाकटा मुलगा’ या वाक्यातल्यासारखे तादात्म्य, म्हणजे दोन नावांची एकच वस्तू, असा अर्थ घेतला, तर पिता आणि पुत्र दोघेही त्याच एका वस्तूशी एकरूप होऊन परस्परांशीही एकरूप होतील, आणि मग पिता म्हणजे पुत्र नव्हे हे विधान खोटे पडेल. ‘राम माणूस आहे, शाम माणूस आहे’ यातल्यासारखा जातिवाचक अर्थ घेतला, तर भेद टिकेल. पण राम, शाम आणि गोविंदा ही जशी तीन माणसे, तसे पिता, पुत्र आणि आत्मा हे तीन देव होतील. एका बाजूला आड, दुसऱ्या बाजूला विहीर. तिसरी वाट आहे काय?

श्रोतेहो, उत्तरपक्षाकडे वळताना पहिली गोष्ट ध्यानात घ्या, की हा सिद्धांत कोण्या तत्त्वज्ञाने एकांतात बसून रचलेला नाही. तो वहिवाटीतून आला. ज्यांना एकाखेरीज दुसऱ्या कोणाला हात जोडणे म्हणजे महापाप वाटे, असे यहुदी लोक येशूच्या नावाने प्रार्थना करू लागले, पवित्र आत्म्याने आपण प्रेरित झालो असे म्हणू लागले, आणि तरीही आपली जुनी घोषणा सोडीनात. आचार आधी झाला, विचार मागून धावत आला. तुमच्या-आमच्या घरी कुळाचार आधी असतो आणि त्याचा अर्थ पुराणिक मागाहून सांगतो, त्यातलाच हा प्रकार.

अर्थ सांगणारे तिघे पुढे आले. पहिला सबेलियस, तो म्हणे, एकच ईश्वर तीन वेळी तीन वेषांनी आला, नाटकातल्या बहुरूप्यासारखा. दुसरा आलेक्झांड्रियाचा पुरोहित आरियस. त्याचे म्हणणे असे, की पुत्र हा थोर खरा, सर्व सृष्टीच्या आधीचा खरा, परंतु निर्माण केलेला. तो नव्हता असा एक प्रसंग होता. दोघांनीही एकेश्वरवाद साफ वाचवला! सबेलियसने भेद पुसून वाचवला, आरियसने पुत्राला खालच्या पायरीवर बसवून वाचवला. मग तिसऱ्या पक्षाने दोघांनाही नाकारले ते का? ते म्हणाले, बहुरूप्याचा मुखवटा खरा मानला, तर गेथशेमानेच्या बागेत येशूने रात्री जी प्रार्थना केली ती कोणाला? स्वतःलाच? आणि पुत्र निर्मित मानला, तर इतके दिवस आपण ज्याला हात जोडले तो ईश्वर नसून प्राणी ठरला, आणि एकेश्वरवादाच्या नावाखाली आपण मूर्तिपूजाच केली. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आरियसविरुद्ध या तिसऱ्या पक्षाच्या अथनासियसने जी तक्रार गुदरली, ती एकेश्वरवादाच्या वतीने गुदरली. त्याच्या विरोधात नव्हे.

३२५ साली कॉन्स्टंटाइन बादशहाने नायसिया येथे बिशपांची परिषद बोलावली. त्यापूर्वी बादशहाने दोन्ही बाजूंना खलिता धाडून, हा तंटा क्षुल्लक आहे, आपसांत मिटवा, असे सुचवून पाहिले होते. राज्यकर्त्यांना धर्मातले सगळेच तंटे क्षुल्लक वाटतात, ते पेटेपर्यंत. परिषदेने पुत्र हा पित्याशी ‘होमोऊसिऑस’, म्हणजे एकतत्त्व, असे ठरवले; पुढे काही मंडळींनी तडजोड म्हणून त्या शब्दात एक ‘इ’ घालून ‘होमोइऊसिऑस’, म्हणजे सदृशतत्त्व, असा पाठ सुचवला. एका अक्षरावरून साम्राज्य भांडले, अशी इंग्रज इतिहासकार गिबन याने त्यांची चेष्टा केली आहे. पण आपल्या मराठीत हा भेद किती सुरेख दाखवता येतो, पाहा : ‘तेच’ आणि ‘तसेच’. येथेही अक्षर एकच जास्त. बाजारात मी दिलेले घड्याळ दुरुस्तीहून परत घ्यायला गेलो आणि दुकानदार म्हणाला, ‘हे तसेच आहे हो’, तर मी फौजदाराकडे जाणार नाही काय? पुत्र हा तसाच देव म्हटला की देव दोन झाले. तोच देव म्हटला तरच एक उरतो. म्हणून अथनासियसने त्या एका अक्षरापायी पाच वेळा हद्दपारी सोसली.

चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात कॉन्स्टँटिनोपलमध्ये तर असा कहर झाला, की पाव विकणाऱ्याला भाव विचारला तर तो पुत्र पित्याहून कमी आहे असे सांगे, असे नायस्साच्या ग्रेगरीने लिहून ठेवले आहे. या ग्रेगरीचा भाऊ बेसिल याच्यावर खटला काय, तर त्याने स्तोत्रातली अव्यये बदलली : पित्याला गौरव पुत्राद्वारा, आत्म्याच्या ठायी, असे म्हणण्याऐवजी पित्याला गौरव पुत्रासह, आत्म्यासह, असे तो म्हणू लागला. त्यावर त्याला आख्खा ग्रंथ लिहावा लागला. विभक्तीवरून असा वाद घालणारी माणसे आपल्या काशी-पैठणच्या पंडितांना परकी वाटली नसती. अखेर ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनंतर एक तत्त्व, तीन ‘हायपोस्टॅसिस’, म्हणजे तीन व्यक्ती, हा ग्रीक मखलाशीचा मसुदा कायम झाला. इतिहास एवढा पुरे.

आता उपमांकडे येऊ, कारण सामान्य मनुष्य सिद्धांत समजून घेतो तो उपमेने, आणि फसतो तोही उपमेनेच. आयर्लंडात संत पॅट्रिकने तिपानी गवताचे पान उचलून दाखवले, अशी दंतकथा आहे. आपल्याकडे कोणी बेलाचे पान पुढे करील. पण बेलाच्या पानाची एकेक पाकळी म्हणजे पूर्ण बेल नव्हे, तिसरा हिस्सा आहे. आणि ख्रिस्ती सिद्धांत तर म्हणतो, की पिता हा ईश्वराचा तृतीयांश नव्हे, पूर्ण ईश्वर. बर्फ, पाणी आणि वाफ म्हटले, तर तेच पाणी एकाच वेळी तिन्ही नसते. हा सबेलियसचाच बहुरूपी पुन्हा आला.

मराठी मनुष्याला लगेच आठवतो तो दत्त. तीन शिरे, सहा हात. औदुंबर, नरसोबाची वाडी, गाणगापूर. पण आपल्याकडे महानुभावांचा दत्त एकमुखी आहे, हे विसरू नका. आणि त्रिमुखी दत्तातही ब्रह्मा, विष्णू, महेश यांची कामे वाटलेली आहेत : एकाने उत्पन्न करावे, एकाने सांभाळावे, एकाने संहार करावा. ख्रिस्ती त्रैक्यात अशी कामाची वाटणी नाही. जे पिता करतो तेच पुत्र करतो, तेच आत्मा करतो, आणि करणी एकच असते. घारापुरीच्या लेण्यातली ती भव्य त्रिमुख मूर्ती पाहून किती युरोपीय प्रवाशांना आपले त्रैक्य आठवले! वास्तविक ती ब्रह्मा-विष्णु-महेशांची मूर्तीच नव्हे. ती एकट्या शिवाची, सदाशिवाची तीन मुखे आहेत. दुसऱ्याच्या देवळात गेलेला मनुष्य आपलेच दैवत पाहून येतो, याचा तो दाखला आहे.

याहून सखोल उपमा बंगालने दिली. १८८२ साली केशवचंद्र सेनांनी त्रैक्यावर प्रसिद्ध व्याख्यान दिले आणि सत्, चित्, आनंद यांत पिता, पुत्र, आत्मा पाहिले. पुढे ब्रह्मबांधव उपाध्यायांनी १८९८ साली त्याच धाग्यावर सच्चिदानंदाचे संस्कृत स्तोत्र रचले, आणि भारतातील कित्येक चर्चमध्ये ते आजही गाइले जाते. रचना सुंदर आहे, यात शंका नाही. तथापि शांकर वेदान्तात सत्, चित् आणि आनंद ही तीन पदे ब्रह्मातले तीन भेद दाखवीत नाहीत. ब्रह्म असत् नव्हे, जड नव्हे, दुःखरूप नव्हे, एवढेच ती सांगतात. तेथे सत् हे चित्ला ‘तू’ म्हणत नाही. आणि ख्रिस्ती त्रैक्याचा प्राण नेमका त्या ‘तू’मध्ये आहे.

तर मग तिसरी वाट कोणती? आपल्याच घरचे एक अवजार मी येथे बाहेर काढतो. वेदान्ती भेद तीन प्रकारचे सांगतात : झाडाचा दगडाशी तो विजातीय भेद, झाडाचा दुसऱ्या झाडाशी तो सजातीय, आणि झाडाचा स्वतःच्या फांद्या-पानांशी तो स्वगत. शंकराचार्यांनी ब्रह्माच्या ठायी तिन्ही नाकारले. रामानुजांनी स्वगत भेद ठेवला, आणि तरीही त्यांच्या मताच्या नावात अद्वैत राहिलेच. म्हणजे ‘एक’ या शब्दाचा अर्थ आपल्या आचार्यांतही एक नाही! आता विचारा, पिता-पुत्रांतला भेद या तिहींपैकी कोणता? विजातीय नव्हे, हे उघड आहे. सजातीय म्हणावा, तर देव तीन. स्वगत म्हणावा, तर पिता ही एक फांदी, पुत्र दुसरी. आणि ईश्वराला अवयव नाहीत असे तर ख्रिस्ती आचार्यच सांगतात. आमच्या तिन्ही कप्प्यांत हा भेद मावत नाही. मग एक तर हा भेदच खोटा, नाही तर चौथा कप्पा हवा.

तो चौथा कप्पा ऑगस्टीनने उघडला आणि थॉमस अ‍ॅक्विनसने नीट लावून दिला. त्याचे नाव संबंधभेद. पुणेकरांना मी घाटाचे उदाहरण देतो. खंडाळ्याचा घाट मुंबईहून येणाऱ्याला चढण आहे आणि पुण्याहून जाणाऱ्याला उतार. घाट किती? एक. चढणीचा एवढा भाग आणि उताराचा एवढा, अशी वाटणी करता येते काय? नाही, सबंध घाट चढण आणि सबंध घाट उतार. मग चढण म्हणजेच उतार काय? बैलगाडी हाकणाऱ्याला विचारा! म्हणजे वस्तू एक, अवयव नाहीत, तरी परस्परविरुद्ध असे दोन खरे संबंध तिच्यात नांदतात, आणि तर्कशास्त्र तक्रार करीत नाही. तसेच पित्यापाशी जे ईश्वरत्व आहे तेच संख्येनेही पुत्रापाशी आहे. पिता देणारा, पुत्र घेणारा, एवढाच भेद. लोकव्यवहारात मनुष्य आधी असतो आणि मागून बाप होतो. मूल जन्मते त्याच दिवशी बापही जन्मतो. ईश्वराच्या ठायी ‘आधी’ आणि ‘मागून’ नाही, म्हणून तेथे पितृत्व हा चिकटलेला धर्म नसून पिता तो सर्वस्वी पिताच.

मघाशी मांडलेल्या पेचाला हे उत्तर आहे. ‘पिता ईश्वर आहे’ यातला ‘आहे’ शुद्ध तादात्म्याचाही नव्हे आणि जातीचाही नव्हे. ‘चढण म्हणजे घाट’ यातला तो ‘आहे’ आहे. घाटाची उपमाही कोठे तुटते, ते मी लपवून ठेवणार नाही. चढण उताराशी बोलत नाही. बागेतली प्रार्थना घाटाला करता येत नाही. उपमेने विसंगतीचा आरोप उडाला. गूढ मात्र जागच्या जागी राहिले.

येथे एका शब्दाची जबानी घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मराठीत आपण ‘तीन व्यक्ती’ म्हणतो. ‘व्यक्ती’ म्हणजे काय? संस्कृतात धातूकडे पाहिले तर व्यक्त होणे, प्रकट होणे. तो अर्थ घेतला तर तीन आविर्भाव, म्हणजे सबेलियस. आजच्या मराठीत ‘सभेला चाळीस व्यक्ती हजर होत्या’ म्हणजे चाळीस स्वतंत्र माणसे, चाळीस इच्छा, चाळीस मते. तो अर्थ घेतला तर तीन देव. एकाच शब्दाच्या पोटात दोन्ही पाखंडे नांदत आहेत! आणि हे दुर्दैव एकट्या मराठीचे नव्हे. लॅटिन लोक ‘पर्सोना’ म्हणत, तो शब्द नाटकातल्या मुखवट्याचा, म्हणून ग्रीकांना त्यात बहुरूप्याचा वास येई. ग्रीक लोक तीन हायपोस्टॅसिस म्हणत, त्याचे अक्षरशः लॅटिन केले तर तीन द्रव्ये होत, म्हणून लॅटिनांना त्यात तीन देव दिसत. ३६२ साली आलेक्झांड्रियाच्या परिषदेत अथनासियसने दोन्ही पक्षांना समोर बसवून विचारले, की तुम्ही या शब्दाने म्हणता तरी काय? आणि दोघांचे म्हणणे एकच निघाले. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांना ती सभा फार आवडली असती. व्यक्ती हा शब्द आम्ही बोलतो तो काही सांगता यावे म्हणून नव्हे, अगदीच गप्प राहू नये म्हणून, अशा आशयाची कबुली ऑगस्टीनने दिली आहे, आणि ती त्याच्या पंधरा खंडांच्या ग्रंथात मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

आता सिद्धांत, माझा, चर्चचा नव्हे. तीन कलमे सांगतो.

पहिले कलम : हा सिद्धांत आत्मविसंगत आहे, हा आरोप शाबीत होत नाही. ‘तीन’ आणि ‘एक’ ही एकाच गोष्टीची गणती असती तर तो शाबीत झाला असता. संख्येला विशेष्य लागते. नुसते तीन नसते, तीन काहीतरी असते. ईश्वर एक, संबंध तीन, एवढेच येथे म्हटले आहे, आणि ते खोटे असू शकेल, परंतु निरर्थक नव्हे. बगदादच्या याह्या इब्न आदी या ख्रिस्ती तत्त्ववेत्त्याने, जो ९७४ साली वारला आणि जो अल्-फाराबीचा शिष्य होता, मुसलमान विद्वानांसमोर अरबीत हाच मुद्दा मांडला : ‘एक’ कोणत्या अर्थाने, ते आधी सांगा. हा प्रश्न केवळ ख्रिस्ती लोकांनाच विचारण्याचा नाही. ईश्वर दयाळू, ज्ञानी, समर्थ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला तो उभा राहतो. म्हणूनच मुसलमान धर्मशास्त्री अल्-अशअरीच्या परंपरेला, ईश्वराचे गुण हे ईश्वरही नव्हेत आणि त्याहून वेगळेही नव्हेत, असे म्हणावे लागले. एकत्वाची अडचण एकेश्वरवादी सर्वांच्याच घरी आहे; कोणाच्या ओसरीवर, कोणाच्या माजघरात.

दुसरे कलम : हा एकेश्वरवाद आहे, पण प्रार्थनासमाजाचा किंवा इस्लामचा एकेश्वरवाद नव्हे. त्यांचा ‘एक’ म्हणजे एकाकी, ज्याच्या अंतर्यामी दुसरेपणाला जागा नाही. ख्रिस्ती ‘एक’ म्हणजे अखंड, ज्याच्या आत देणे-घेणे आहे. प्रेम हे ईश्वराचे स्वरूप मानले, तर सृष्टीच्या आधी तो कोणावर प्रेम करीत होता, हा प्रश्न पहिल्या एकाला अडचणीचा आहे. आणि तुमचे प्रेम करणारे दोघे असूनही एक कसे, हा दुसऱ्याला. आपापली अडचण पसंत करण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. दुसऱ्याने आपली अडचण पसंत केली नाही म्हणून त्याला अनेकेश्वरवादी म्हणण्याचा मात्र नाही.

तिसरे कलम पूर्वपक्षाच्या बाजूने : अस्पष्टतेचा आरोप शाबीत आहे, आणि त्याची शिक्षा पोथीने नव्हे तर माणसांनी भोगली. १५५३ साली जिनिव्हात मायकेल सर्व्हेटसला त्रैक्य नाकारल्याबद्दल जिवंत जाळले. जे समजावून सांगता येत नाही ते कबूल करण्याचा हुकूम काढला, की पुढची पायरी चिताच असते. ईश्वराच्या अंतर्यामी प्रेम आहे, हे पटवण्यासाठी लाकडे रचणाऱ्यांनी स्वतःच्या सिद्धांताविरुद्ध जी साक्ष दिली, तितकी कडक साक्ष कोणत्याही युनिटेरियनाला देता आली नाही. रमाबाई शंका विचारून श्रद्धावंत राहिल्या. हा त्यांचा मोठेपणा, आणि त्यांच्या शतकाचे सुदैव.

वेळ संपत आली. अध्यक्षांचा हात घंटेकडे गेलेला मला दिसतो. एक लहानसा प्रसंग सांगून थांबतो. काही वर्षांपूर्वी वसईकडच्या एका खेड्यात एका स्नेह्याच्या नातवाच्या बाप्तिस्म्याला मी गेलो होतो. फादरांनी बाळाच्या टाळूवर तीन वेळा पाणी घातले : पित्याच्या, पुत्राच्या, आणि पवित्र आत्म्याच्या. बाळाने तिन्ही वेळा तितक्याच जोराने भोकाड पसरले. मी तर्काचा मास्तर, माझे लक्ष शेवटच्या शब्दाकडे. तो होता ‘नावाने’, ‘नावांनी’ नव्हे. मत्तयाच्या मूळ ग्रीकातही ते पद एकवचनीच आहे. पाण्याच्या धारा तीन, भांडे एक, नाव एक. मी बाजूला बसलेल्या म्हाताऱ्या आजीबाईंना हळूच विचारले, “आजी, देव किती?” त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की इतक्या पांढऱ्या केसांच्या माणसाला एवढेही कळू नये! म्हणाल्या, “एकच की.” त्या उत्तरात आरियस नव्हता, सबेलियस नव्हता, ऑगस्टीनही नव्हता, पण ज्या वहिवाटीतून हा सारा सिद्धांत निघाला ती वहिवाट पुरती होती.

म्हणून श्रोतेहो, माझी विनंती एवढीच. शेजारच्या धर्माविषयी ‘तुमचे देव किती?’ हा प्रश्न यापुढे विचारू नका. तो मोजणीदाराचा प्रश्न आहे. ‘एक म्हणता, ते कोणत्या अर्थाने?’ असे विचारा. आणि तो प्रश्न शेजाऱ्याला विचारण्याआधी, उद्या सकाळी आंघोळ करून आपल्या स्वतःच्या देवघरापुढे उभे राहाल, तेव्हा तेथे एकदा विचारून पाहा.